मुरूमवाले दिवाकर भुसारी

दिवाकर भुसारी बोलायला लागले की समोरच्याला पंखा बंद करावा लागायचा. आमच्या खात्यात ती रीतच पडून गेली होती. ते साहेबांच्या खोलीत शिरले की शिपाई आधी पंखा बंद करी, मग खिडकी लावी, आणि एवढं होऊनही साहेब कानामागे हात धरून "हां भुसारीजी, फिर से" म्हणत. मे महिन्यात रायपुरात पंखा बंद करून बसणं काय असतं, ते ज्यानं भोगलंय त्यालाच कळेल. त्यामुळे भुसारींचं म्हणणं साहेब सहसा दुसऱ्या वाक्यालाच मान्य करून टाकत.

आणि हाच माणूस रोज सकाळी सहा वाजता न्हाणीघरात शिरून असा काही आवाज काढी, की शेजारच्या दूधवाल्याची म्हैस एकदा दावं तोडून थेट मेन रोडपर्यंत गेली होती. तिला परत आणायला मीही गेले होते, म्हणून सांगते.

राज्य नवं झालं आणि सरकारी माणसांची वाटणी झाली, तेव्हा भोपाळच्या यादीतून माझं नाव छत्तीसगडात निघालं. मी मूळची पांढुर्ण्याची. बांधकाम खात्यात स्टेनो. रायपूर तेव्हा राजधानी झालं होतं, पण ते त्याला स्वतःलाच अजून पटलं नव्हतं. आमचं ऑफिस एका जुन्या शाळेत होतं, साहेबांच्या पाठीमागे फळा होता, आणि गावात जिथे पाहावं तिथे 'कार्य प्रगति पर है' अशी पाटी आणि पाटीखाली खड्डा. पहिल्या आठवड्यात मी फोनवर आईशी मराठीत बोलत होते, तर खात्यातला एक पन्नाशीचा सडसडीत माणूस कानावर पेन्सिल अडकवून समोर येऊन उभा राहिला. ओठ हलले. काही ऐकू आलं नाही. तिसऱ्यांदा कळलं, "मॅडम, तुमाले खोली पाहिजे काय?"

अशी मी चौबे कॉलोनीत, त्यांच्या घरी वरच्या खोलीत राहायला आले. घर खरं तर त्यांच्या थोरल्या बहिणीचं, शालूताईंचं. ताईंचे यजमान रेल्वेत होते, ते वारल्यावर ताई आणि दिवाकरभैया असे दोघंच राहत. आई गेली तेव्हा भैया चार वर्षांचे आणि ताई सोळाच्या. ताईंनीच भैयांना न्हाऊमाखू घातलं, शाळेत घातलं, आणि तो पोरगा पन्नाशीचा झाला तरी ताईंच्या लेखी अजून शाळेतच होता.

पहिल्या सकाळी तो आवाज ऐकून मी चार चार पायऱ्या गाळत खाली आले. मला वाटलं, कोणीतरी कोणाचा तरी गळा दाबतंय. ताई तुळशीला पाणी घालत होत्या.

"काही नाही व," त्या म्हणाल्या, "दिवाकर गळा साफ करून राहिला. चहा घेतेस?"

भैया खात्यात ड्राफ्ट्समन होते, म्हणजे नकाशे काढायचे. ट्रेसिंग कागदावर शाईनं. त्यांचं अक्षर असं की साहेब घरच्या लग्नाच्या पत्रिका त्यांच्याकडून लिहून घेत. पेन्सिलीला टोक ब्लेडनं काढत, शार्पनरला हात लावत नसत. आणि जगातली कुठलीही गोष्ट बिघडली, की तिच्याबद्दल त्यांचा एकच शेरा असे: "हे स्केलले नाही." म्हणजे मापात नाही. पोह्यात मीठ जास्त झालं, स्केलले नाही. कोणाच्या लग्नात वरात तीन तास नाचली, स्केलले नाही. मंत्री दोन तास बोलले, स्केलले नाही. एकदा मला सर्दी झाली आणि मी सलग अकरा शिंका दिल्या, तर कौतुकानं म्हणाले, "या स्केलले होत्या."

त्यांचं एक दुःख होतं. ते त्यांनी मला एकदाच सांगितलं, आणि पंखा बंद असल्यामुळे मला ते पूर्ण ऐकू आलं. "मॅडम, सव्वीस वर्षं झाली काढून राहिलो. मी काढलं तसंच्या तसं झालेलं एक काम नाही पाहिलं. खिडकी पूर्वेले काढा, ते पश्चिमेले ठोकतात. जिना काढा, शिडी लावतात. मले मरायच्या आधी एक गोष्ट अशी पुरी करायची आहे, का जशी कागदावर तशीच बाहेर." ती गोष्ट म्हणजे पूल असेल, निदान एखादी टाकी असेल, असं मला वाटलं. ती निघाली वीस गाण्यांचा अल्बम.

त्याची सुरुवात एका कॅसेटपासून झाली होती. नागपूरला सीताबर्डीवर भैयांनी ताईंसाठी अभंगांची कॅसेट घेतली. घरी येऊन लावली, तर आतून भलतंच काही निघालं. कव्हर अभंगांचं, आत कुठल्या तरी परदेशी टोळीचं गाणं. ढोल इतका जलद की मोजता येऊ नये, गिटार लाकडाच्या वखारीत चालावी तशी, आणि गाणारा शब्द न उच्चारता नुसता पोटातून गुरगुरतोय. असं एक गाणं अर्ध्या मिनिटात खलास, की दुसरं सुरू. भैयांना वाटलं टेपरेकॉर्डर बिघडला. त्यांनी तो दुरुस्तीला टाकला. मेकॅनिकनं हेड पुसून दिलं. आवाज तोच. पुन्हा टाकला, त्यानं पट्टा बदलला. आवाज तोच. तिसऱ्यांदा मेकॅनिकनं संपूर्ण कॅसेट त्यांच्यासमोर बसून ऐकली आणि हात जोडले. "भैया, मशीन ठीक है. आदमी ही ऐसे गा रहा है."

पण या तीन फेऱ्यांत भैयांनी ती कॅसेट इतक्यांदा लक्ष देऊन ऐकली होती, की त्यांना ती आवडून बसली. नुसती आवडली नाही, पटली. "चाळीस सेकंदात सुरुवात, मध्य आणि शेवट," ते मला म्हणाले, "आपल्या खात्यात चाळीस सेकंदात फायलीची गाठ नाही सुटत." या प्रकाराला ग्राइंडकोर म्हणतात हे त्यांना पुढे कळलं. मग आणखी कॅसेटी आल्या. त्यात काही वीस वीस मिनिटं चालणारी, दर दोन मिनिटांनी चाल आणि वेग बदलणारी गाणी होती. त्यांना प्रोग्रेसिव्ह म्हणतात, असं त्यांनी मला लाजत सांगितलं, जणू कोणाचं तरी प्रेमप्रकरण सांगत आहेत. गुढियारीतून एक जुनी गिटार आणली. ती वाजवायला शिकले पुस्तकावरून, आणि पुस्तक होतं बुलबुलतरंगाचं.

गाणी लिहायची त्यांची तऱ्हा मी जगात दुसरीकडे पाहिली नाही. ते गाणी काढायचे. ट्रेसिंग कागदावर, एक सेंटीमीटर म्हणजे एक सेकंद. ढोलाचा प्रत्येक ठोका म्हणजे एक उभी रेघ. जलद जागी रेघा दाट, संथ जागी विरळ. गुरगुरण्याच्या जागी तिरप्या रेघांची छाया, नकाशात विटांची भिंत दाखवतात तशी. शब्द सगळे खात्यातले. 'ढाल उलटी', म्हणजे नालीचा उतार उलटा, या नावाच्या गाण्याचे शब्द एवढेच होते: "नाली! नाली! ढाल उलटी! पाणी परत घरात!" अठरा सेकंद. मला विचाराल, तर रायपूरच्या पावसाळ्यावर याहून खरं कोणी लिहिलेलं नाही.

ढोलाला होता खेमलाल. बीरगावात राहायचा, उरला औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात लोखंडाच्या सळ्या ओढायच्या मिलवर कामाला, आणि गावाकडे सणासुदीला मांदर वाजवायचा. मांदर म्हणजे त्यांचा गळ्यात अडकवायचा मातीचा ढोल. भैयांनी त्याला ती कॅसेट ऐकवली तेव्हा तो जराही दचकला नाही. म्हणाला, "भैया, ये तो हमर मिल के आवाज हे." एका मोडलेल्या बँडपार्टीचे ढोल आणि झांजा त्यांनी आणल्या, आणि खेमलाल दर रविवारी दुपारी सायकलवर मांदर बांधून येऊ लागला. दोघांच्या या टोळीचं नाव भैयांनी ठेवलं 'मुरूम'. रस्त्याखाली घालतात ती लाल भरड माती. "सगळं त्याच्यावर उभं राहते आणि त्याले कोणी पाहत नाही," असं त्यांचं म्हणणं. अल्बमचं नाव तर गावात जागोजागी लिहिलेलंच होतं, 'कार्य प्रगति पर है'.

ताईंचं भजनी मंडळ गुरुवारी पुढच्या खोलीत बसायचं. एका गुरुवारी खेमलालला मिलवर सुट्टी होती आणि तो चुकून आला. मधल्या खोलीत दोघांनी सहा गाणी वाजवली, म्हणजे एकूण चार मिनिटं. पुढच्या खोलीत सात बायका टाळ मांडीवर ठेवून ऐकत बसल्या. मी म्हटलं, आता होतंय भांडण. तर पेटी वाजवणाऱ्या काकू चष्मा पुसत म्हणाल्या, "ताल पक्का आहे हो. पण फार आखूड. चाळीस सेकंदात देव उठून बसत पण नाही." ताईंना मात्र भारी राग आला होता. "माझ्या घरात कोकलून राहिला," त्या म्हणाल्या, "लोक काय म्हणतील, का शालूनं भावाले वळण नाही लावलं."

आता एका जाळीची गोष्ट सांगायलाच हवी.

एका नव्या सरकारी इमारतीच्या दर्शनी भागाला लोखंडी जाळी लावायची होती. तिचा नकाशा भैयांनी काढला, आणि त्याच दिवशी 'मोक्यावर पाणी', म्हणजे साइटवर पाणी, या चाळीस सेकंदांच्या गाण्याची ट्रेसिंगही टेबलावर होती. शिपायानं दोन्ही कागद उचलून अमोनिया प्रिंट, म्हणजे नकाशाच्या निळ्या प्रती, काढायला नेले. फाईलला लागली ती गाण्याची. साहेबांनी सही केली, त्यांच्यावरच्या साहेबांनी केली, त्यांच्याही वरच्यांनी 'डिज़ाइन अच्छा है' असा शेरा मारला, आणि ठेकेदारानं चाळीस सेंटीमीटरच्या गाण्याची वीस मीटर जाळी उभी केली. काही ठिकाणी सळ्या एवढ्या दाट की बोट जाईना, काही ठिकाणी एवढ्या विरळ की बकरी आत शिरून साहेबांची नवी फुलझाडं खाऊन गेली.

चौकशी बसली. ठेकेदारानं मंजूर नकाशा पुढे केला. मंजूर नकाशा चुकीचा आहे असं म्हणायला वरपासून खालपर्यंत कोणी तयार नव्हतं, कारण सह्या वरपासून खालपर्यंतच्या होत्या. शेवटी फायलीवर लिहिलं गेलं की ही रचना स्थानिक लोककलेवर आधारित आहे. दोन महिन्यांत आणखी एका ऑफिसनं तसल्याच जाळीची मागणी केली.

भैयांना मी ही बातमी दिली तेव्हा ते पांढरे पडतील असं वाटलं होतं. ते उठले, फूटपट्टी घेतली आणि खेमलालला सोबत घेऊन जाळीपाशी गेले. मी पण गेले. खेमलालनं एक काठी घेतली आणि जाळीवरून टरर्र ओढत एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे चालू लागला. गाणं वाजलं. खरंच वाजलं! पण मध्यावर खेमलाल थांबला आणि डोकं खाजवत म्हणाला, "भैया, ये मा चार ठन कम हे."

भैया गुडघ्यांवर बसले, मोजलं. एकविसाव्या सेकंदाच्या जागी ठेकेदारानं चार सळ्या खाल्ल्या होत्या. त्या दिवशी पहिल्यांदा आणि शेवटचं मी भैयांना कोणावर चिडलेलं पाहिलं. ते ठेकेदाराच्या घरी गेले आणि आपल्या त्या न ऐकू येणाऱ्या आवाजात दीड तास बोलले. त्या माणसाला एक अक्षर कळलं नाही, पण दीड तास कोणीतरी आपल्याकडे बघत नुसते ओठ हलवतंय, याची त्यानं धास्ती घेतली. तिसऱ्या दिवशी चार सळ्या लागल्या. भैया मला म्हणाले, "मॅडम, जसं काढलं तसं. सव्वीस वर्षांत पहिलं." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि मला हसू येत होतं, त्याची मला आजही लाज वाटते.

एकोणीस गाणी झाली. ध्वनिमुद्रणाला गुढियारीचा एक प्रचारवाला येई. तो एरवी रिक्षावर भोंगा लावून साड्यांच्या सेलच्या जाहिराती गावभर फिरवायचा. पहिल्या दिवशी सगळं ऐकून झाल्यावर त्यानं अदबीनं विचारलं, "भैया, इसमें दुकान का नाम कब आएगा?"

राहिलं विसावं गाणं. ते मोठं होतं, अकरा मिनिटांचं, नाव 'माहेरचा अर्ज'. विदर्भातल्या पोरी भुलाबाईची गाणी म्हणतात, त्यात सून माहेरी जायला परवानगी मागते आणि सासरचं एकेक माणूस तिला दुसऱ्याकडे पाठवतं. भैयांची आई ती गाणी म्हणायची. आईचं त्यांना फक्त तेवढंच आठवत होतं, तेही ताईंनी म्हणून दाखवलं होतं म्हणून. भैयांनी त्या सुनेला आमच्या ऑफिसात आणलं. अर्ज बाबूकडे, बाबू म्हणतो ओव्हरसियरकडे, तो म्हणतो साहेबाकडे, अशी सात टेबलं, आणि दर टेबलाला वेग वेगळा. सातव्या टेबलाला मांदर एकटाच वाजतो, आणि शेवटी सात सेकंदांची एक लांब किंकाळी.

अकरा मिनिटं म्हणजे साडेसहा मीटरहून जास्त कागद झाला. तो टेबलावर मावेना, म्हणून त्यांनी तो घरातल्या बोळाच्या भिंतीला चिकटवला. गाणं पुढच्या दारापाशी सुरू व्हायचं आणि गाणाऱ्यानं कागदासोबत चालत चालत स्वयंपाकघरात ओट्यापाशी संपवायचं. ताईंच्या फोडणीच्या डब्यावर बरोबर ती किंकाळी यायची. दर रविवारी दुपारी हा माणूस गुरगुरत बोळातून येई, शेवटची किंकाळी ताईंच्या कानाशी मारी, आणि ताई मागे न बघता म्हणत, "झालं? मंग आता हात धू."

वाद्यांचं मुद्रण झालं. आवाजाचं राहिलं, आणि भैयांचा गळा बसला.

पहिल्यांदा कोणाला कळलंच नाही, कारण बसलेला आणि न बसलेला यात फरक नव्हता. न्हाणीघर शांत झालं तेव्हा कळलं. ताई आणि मी त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेलो. डॉक्टरांनी घशात आरसा घातला आणि विचारलं, "क्या करते हैं? टीचर हैं? सब्ज़ी बेचते हैं?" भैया म्हणाले, नकाशे काढतो. डॉक्टर म्हणाले, नकाशे काढून असा गळा होत नाही. ताईंनी कपाळाला हात लावून सांगितलं, "तो गाते हो डॉक्टर. दाखव रे." आणि भैयांनी अठरा सेकंदांचं 'ढाल उलटी' तिथेच म्हटलं. नर्स हातातला ट्रे टाकून आत धावली. बाहेर नंबर लावून बसलेले चार जण उठून घरी गेले. डॉक्टरांनी आरसा पुसून ठेवला. मग म्हणाले, आवाजाच्या पडद्यावर गाठ आहे, लगेच काढावी लागेल. नंतर आवाज येईल की नाही सांगता येत नाही. आणि तोवर असलं काही केलं तर आणखी बिघडेल.

ऑपरेशनला आठ दिवस होते. भैयांनी ताईंना एकच विनवणी केली, अकरा मिनिटं दे. ताई म्हणाल्या, "अकरा सेकंद नाही देत." त्यांनी मायक्रोफोन उचलला आणि देव्हाऱ्यामागे नेऊन ठेवला. देव्हाऱ्यामागे भैया हात घालणार नाहीत हे त्यांना माहीत होतं. भैयांनी घातला नाही.

ऑपरेशन झालं. गाठ वाईट नव्हती. आवाज गेला. नुसती हवा उरली, दाराच्या फटीतून येते तेवढी.

भैया कामावर येऊ लागले. बोलायचं ते चिठ्ठीवर लिहून द्यायचे, त्या देखण्या अक्षरात, आणि साहेबांचा पंखा आता बारा महिने सुरू राहिला. खात्याला तसा काहीच फरक पडला नाही, उलट सोयच झाली. घरी मात्र फार वाईट होतं. कागद बोळात तसाच होता आणि भैया त्याच्याकडे न बघता जायचे. खेमलाल रविवारी यायचा, मांदर मांडीवर घेऊन बसायचा, वाजवायचा नाही, चहा पिऊन जायचा. ताई दोघांना चहा द्यायच्या आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच डबे लावायच्या. मला एकदा म्हणाल्या, "मी नाही म्हटलं व. त्याचं एकच राह्यलं होतं, आणि मीच नाही म्हटलं." मी डबे लावू लागले.

असे दोन महिने गेले. एका रविवारी खेमलाल चहा पीत असताना ताई बोळात आल्या, पदर खोचला आणि म्हणाल्या, "बोलाव त्या भोंगेवाल्याले. मी म्हणते."

भैयांनी मान हलवली, नाही. ताई म्हणाल्या, "काहून नाही? तीन वर्षं ऐकून राहिली. सगळं पाठ आहे मले." आणि खरंच होतं. बाईंना सातही टेबलं पाठ होती.

प्रचारवाला आला, यंत्र लावलं. देव्हाऱ्यामागचा मायक्रोफोन ताईंनी स्वतः काढून आणला, त्याला हळद लागली होती. वाद्यं सुरू झाली आणि ताईंनी पहिलं टेबल म्हटलं. चांगलं म्हटलं, पण भजन म्हटलं. अर्ज बाबूकडे जात होता तो विठ्ठलाकडे गेल्यासारखा जात होता. भैयांनी हात वर करून थांबवलं आणि चिठ्ठी लिहिली: 'ताई, सुरात नको.'

"बिनसुराचं म्हणू? मले नाही जमत."

दुसऱ्यांदा केलं. परत भजन. खेमलाल म्हणाला, "एक बेर अउ, दाई." तिसऱ्यांदाही भजनच. भैयांनी ब्लेडनं पेन्सिलीला टोक काढलं. मग लिहिलं: 'मले रागाव.'

"कशापायी रागावू? काय केलं तू?"

भैयांनी दुसरी चिठ्ठी घेतली, लिहिली, क्षणभर हातातच ठेवली आणि मग ताईंना दिली. ताईंनी चष्मा लावून वाचली. मी त्यांच्या खांद्यामागे होते म्हणून मलाही दिसली. 'गाठ मले दवाखान्यात जायच्या तीन महिने आधी समजली होती. एकोणीस गाणी व्हायची होती म्हणून नाही सांगितलं.'

ताईंनी चिठ्ठी खाली केली. प्रचारवाल्याला काय सुचलं कोण जाणे, त्यानं बटण दाबलं.

"तीन महिने?" ताई म्हणाल्या, आणि हा ताईंचा आवाज नव्हता. सोळाव्या वर्षी अंगावर आलेला पोरगा, त्याचा गोवर, त्याची परीक्षा, त्याचं न झालेलं लग्न, सगळ्याचा राग बाईंच्या पोटात सेहेचाळीस वर्षं बसून होता, तो वर आला. वाद्यं सुरू झाली आणि त्या चालू लागल्या. पहिलं टेबल, दुसरं टेबल. बोळाच्या भिंती थरथरल्या म्हणतात तसं मी म्हणणार नाही, पण ओट्यावरचं ताट खाली पडलं हे खरं. भैया उलट्या पावली चालत होते, कागदावर बोट ठेवून सेकंद दाखवत, आणि बासष्ट वर्षांच्या त्या बाई, सुती पातळात, त्यांच्या तोंडावर गुरगुरत त्यांना स्वयंपाकघरापर्यंत मागे मागे रेटत होत्या.

ओट्यापाशी मांदर एकटा राहिला. सात सेकंदांच्या किंकाळीची जागा आली. भैयांनी हात उंचावून खूण केली. ताईंनी तोंड उघडलं, आणि किंकाळी आलीच नाही. त्यांनी भुलाबाईची आपल्या आईची चाल हळूच, सुरात म्हटली. सुनेला माहेरी सोडलं, एवढीच ओळ. सात सेकंद नाही, चांगले पंधरा. मग पदरानं तोंड पुसलं आणि खाली बसल्या.

प्रचारवाला डोळे पुसत होता. मला वाटलं, भैया पुन्हा करायला लावणार. चार सळ्यांसाठी दीड तास ओठ हलवणारा माणूस हा. ते कागदापाशी गेले. खिशातून पेन्सिलीचं ब्लेड काढलं. ट्रेसिंगवरची शाई ब्लेडनं खरवडून काढतात. ती किंकाळीची सगळी छाया त्यांनी खरवडली, कागद फाटू न देता, अगदी हळू. पुढे एक तुकडा जोडला. आणि ताई जसं म्हणाल्या होत्या तसं, पंधरा सेंटीमीटर, पुन्हा काढलं. आमच्या खात्यात काम नकाशाबरहुकूम झालं नाही, तर शेवटी नकाशाच झालेल्या कामासारखा करतात. भैयांनी तसला नकाशा काढायला आयुष्यभर नकार दिला होता. कोपऱ्यात, जिथे सही असते तिथे, त्यांनी लिहिलं: आवाज, शालिनी.

अल्बमच्या पन्नास सीड्या निघाल्या. प्रचारवाल्यानं एक दिवस साड्यांच्या सेलऐवजी तोच भोंग्यावर लावला, आणि दुकानदार म्हणाला की त्या दिवशी गर्दी जास्त झाली. बाकी जगात त्याचं काय झालं मला माहीत नाही. भजनी मंडळातल्या सातही जणींनी एकेक सीडी नेली आणि पेटीवाल्या काकूंनी शेवटचं गाणं तेवढं लांबीला बरं आहे असं सांगितलं.

पुढच्या वर्षी वाटणीची यादी दुरुस्त झाली आणि माझं नाव परत भोपाळला गेलं. निघाले त्या सकाळी दहाच्या सुमाराला सायकलरिक्षा दारात उभी होती. ताईंनी डबा दिला, हातावर दही ठेवलं. भैया फाटकाशी आले. त्यांना काहीतरी म्हणायचं होतं. ओठ हलले, हवा आली. त्यांनी शर्टाचा खिसा चाचपला, चिठ्ठ्या घरात राहिल्या होत्या. मग त्यांनी ताईंकडे बघितलं.

ताईंनी हातातली दह्याची वाटी फाटकाच्या खांबावर ठेवली. पदर खोचला. आणि भर चौबे कॉलोनीत, दिवसाउजेडी, पोटातून, त्या आवाजात ओरडल्या:

"सुखानं जाय, पोरी!"

समोरच्या दोन खिडक्या उघडल्या. रिक्षावाला उडी मारून खाली उतरला. भैया फाटकाला धरून वाकले होते, आवाज येत नव्हता, पण हसून हसून त्यांचे खांदे हलत होते, आणि ताई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. वळणापर्यंत मला ते दोघं तसेच दिसत राहिले.

मेन रोडला लागल्यावर रिक्षावाल्यानं भीत भीत मागे वळून विचारलं, "दीदी, वो माताजी नाराज थीं क्या?"

"नहीं भैया," मी म्हटलं, "वो उनके भाई बोल रहे थे."